कोणते निशाण छातीवर लावायचे?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे कोकण आणि कोकणापलीकडे समुद्र, एवढेच आमचे समुद्राशी नाते, असे कोणालाही वाटावे. तरीही अलीकडे साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत एक नवी टूम पाहावयास मिळते. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, रंगीत मीना केलेले, पाठीमागे टाचणी असलेले बिल्ले तेथे विकावयास मांडलेले असतात आणि त्यांवर असतात आरमाराची ऐतिहासिक निशाणे. एकावर गलबत आणि त्यावर भगवे. दुसऱ्यावर राजमुद्रेच्या अष्टकोनाचे नौदलाचे नवे निशाण. क्वचित एखाद्यावर इंग्रजी अमदानीतला तांबडा क्रूससुद्धा. भरतीची तयारी करणारी पोरे ते घेतात, कचेरीतले कारकून घेतात, आणि पुढाऱ्यांच्या जाकिटावर तर ते डौलाने मिरवतात.

परवा एका तालुक्याच्या बैठकीला आपला एक तरुण साथी सदऱ्यावर असाच बिल्ला लावून आला. दोघा-तिघा जुन्या कार्यकर्त्यांनी त्याची थट्टा केली. ‘काय रे, कोणत्या गलबतावर चाकरीला लागलास?’ असे एकाने विचारले. दुसऱ्याने ‘हे त्या पक्षाचे खूळ आपल्यात कशाला?’ म्हणून सुनावले. पोरगा काही बोलला नाही. त्याने बिल्ला काढून खिशात घातला आणि बैठक संपेपर्यंत मान वर केली नाही.

हा प्रसंग क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही. बिल्ला विकणाऱ्याचे चुकते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या दिवशी आपले चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या इतिहासावर आपला पहिला हक्क, त्याच्याविषयी आपण त्या पोराला एक अक्षर सांगितले नाही. थट्टा करून त्याला गप्प केले आणि तो इतिहास ज्यांना स्वस्तात विकायचा आहे त्यांच्या हवाली केला. म्हणून या बिल्ल्यांचा नीट विचार करणे प्राप्त आहे.

बिल्ला कशासाठी असतो?

बिल्ला ही वस्तू कष्टकऱ्याला अनोळखी नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजारात ज्याने पोती वाहिली, त्याला बिल्ल्याचे मोल ठाऊक आहे. हमालाच्या अंगावरचा बिल्ला म्हणजे या बाजारात काम करण्याचा त्याचा हक्क. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तो हमालांच्या लढ्यातून झाला. त्यानंतर मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी या गोष्टी पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या वाट्याला आल्या. तो बिल्ला शोभेसाठी लावलेला नसतो. त्याच्यामागे संघटना असते आणि संघटनेमागे संप असतो.

दुसरा एक बिल्लाही आपल्या परिचयाचा आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून ही प्रथा चालू आहे. तांबडा, गर्द निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचे, म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या रंगांचे, कागदी निशाण टाचणीने छातीवर लावायचे आणि डब्यात पैसे टाकायचे. तो पैसा युद्धात पंगू झालेल्या जवानांसाठी, वीरपत्नींसाठी, माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो. ज्या साताऱ्यात घरोघरी फौजेतला माणूस निघतो, ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला, जेथे १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, तेथे या कागदी निशाणाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत तो कागद चुरगळतो. पण दिलेला पैसा कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोचतो.

आता तिसरा बिल्ला पाहा, दुकानातला. तो चुरगळत नाही, चकाकतो. त्याच्यामागे संघटना नाही, संप नाही, कोणाच्या चुलीशी त्याचा संबंध नाही. तो लावणाऱ्याकडून तो कशाचीच अपेक्षा करीत नाही. शौर्य दुसऱ्याचे, मरण दुसऱ्याचे, मिरवणे मात्र आपले! हमालाचा बिल्ला हक्क सांगतो, ध्वजदिनाचा बिल्ला कर्तव्य सांगतो. दुकानातला बिल्ला केवळ अभिमान सांगतो, आणि ज्या अभिमानाला किंमत मोजावी लागत नाही तो कोणाच्याही हाती लवकर लागतो. म्हणून प्रत्येक निशाणामागे कोणी किंमत मोजली, हे विचारले पाहिजे.

भगव्याखाली कोण होते?

पेटीतले पहिले निशाण मराठ्यांच्या आरमाराचे. त्याचा अभिमान कोणाला नाही? शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास आरमार उभारले आणि १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. समुद्रावर पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांची सत्ता असताना, घाटावरच्या राजाने समुद्रात उतरावयाचे ठरविले, ही साधी गोष्ट नव्हती. पण ही गलबते चालविली कोणी? कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, किनाऱ्यावरच्या मुसलमान खलाशांनी. महाराजांच्या आरमाराचे जे सरदार इतिहासाला ठाऊक आहेत त्यांत दौलतखान आहे आणि मायनाक भंडारीही आहे. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत इंग्रजांशी झुंजले ते हे दोघे. आज जे पुढारी हा बिल्ला लावून व्यासपीठावर चढतात आणि शेजारच्या मोहल्ल्याकडे बोट दाखवून भाषण ठोकतात, त्यांनी आपल्या छातीवरच्या त्या गलबताचे सुकाणू कोणाच्या हाती होते हे एकदा तपासून पाहावे.

आणखी एक गोष्ट. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र शिवकालीन राज्यनीतीचे सार म्हणून ओळखले जाते. त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी मोठा मार्मिक विचार आहे. गलबतांना सागाचे लाकूड हवे, ते रानातून परवानगीने तोडावे. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे; पण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, बळजोरी करू नये, असे अमात्य बजावतात. राज्याच्या संरक्षणाचे काम असले तरी रयतेचे झाड तिच्या संमतीवाचून तोडावयाचे नाही, ही त्या निशाणाखालची नीती. आज या पश्चिम महाराष्ट्रात कोयनेच्या धरणग्रस्ताची आणि त्याच्या नातवाचीही पुनर्वसनाची पायपीट संपलेली नाही. तेव्हा कोट घालून बिल्ला मिरविणाऱ्या सत्ताधाऱ्याला विचारावे, की साहेब, तुमच्या छातीवर जे निशाण आहे त्याची ही अट तुम्हांला ठाऊक आहे काय?

आणि ते आरमार बुडाले कसे? हा प्रश्न तर बिल्ल्याच्या पेटीत कोणी विचारीतच नाही. कान्होजी आंग्र्यांची सरखेली साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी कायम केली. १७२९ साली कान्होजी वारले, तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांचे आरमार मोडू शकले नव्हते. जे परक्यांना जमले नाही ते घरच्यांनी केले. कान्होजींचा पुत्र तुळाजी पेशव्यांना जुमानीत नव्हता आणि किनाऱ्यावर त्याचे शत्रूही पुष्कळ होते, हे खरे; पण त्याचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची पलटण विजयदुर्गावर चालून आली. तोफेच्या गोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती दुसऱ्याला, तिसऱ्याला पोचली आणि बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. गादी साताऱ्यात आणि सत्ता पुण्यात, अशी तेव्हाची अवस्था होती. साताऱ्याच्या गादीला या व्यवहारात कोणी विचारले नाही. दुसऱ्याच वर्षी हाच क्लाइव्ह प्लासीला होता.

हे उकरून काढण्यात मराठेशाहीची नालस्ती करण्याचा हेतू नाही. घरातल्या भांडणाचा निकाल लावावयास परक्या भांडवलाला आणि परक्या तोफेला बोलावले की घराचे काय होते, याचा हा धडा आहे आणि तो आजही जुना झालेला नाही. बिल्ल्यावर गलबत कोरलेले असते. जळालेले गलबत कोरीत नाहीत.

क्रूस गेला, पुढे काय?

आता दुसरे निशाण, नौदलाचे नवे. याविषयी आपल्या काही मित्रांचा सूर मला मान्य नाही. नव्या निशाणाची टिंगल करण्याचे आपल्याला कारण नाही. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाल्यावर नौदलाच्या निशाणाच्या कोपऱ्यातला इंग्रजांचा युनियन जॅक गेला आणि तेथे तिरंगा आला. पण पांढऱ्या पटावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस तसाच राहिला. २००१ साली तो काढला, २००४ साली पुन्हा आणला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना तो कायमचा गेला. त्याच्या जागी गर्द निळा अष्टकोन, त्याला सोनेरी दुहेरी किनार, आत नांगर आणि सिंहशीर्ष, आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद आले. वसाहतीच्या राजवटीची खूण स्वतंत्र देशाच्या जहाजावरून उतरली, हे योग्यच झाले. समाजवाद्याने त्या क्रुसासाठी अश्रू ढाळण्याचे काहीच कारण नाही. सत्तर वर्षे तो राहिला कसा, हाच प्रश्न आपण विचारावयास हवा होता आणि तो आपण जोराने विचारला नाही, ही आपली चूक.

परंतु निशाण बदलले म्हणजे निशाणाखालच्या माणसाचे दैव बदलले काय? त्याच २०२२ सालच्या जून महिन्यात, म्हणजे नव्या निशाणाच्या आधी अवघे अडीच महिने, अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा वर्षांच्या पोराने भरती व्हायचे, चार वर्षे नोकरी करायची, आणि चार वर्षांनी शंभरांतले फार तर पंचवीस कायम राहायचे. बाकीच्यांनी ठरावीक रक्कम घेऊन घरी जायचे. त्यांना निवृत्तिवेतन नाही. हाच नियम भूदलाला, हाच नौदलाला. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस भरती झाल्या, त्यांच्या चार वर्षांचा हिशेब कोणीही बोटांवर करावा. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांत फौजेची नोकरी ही पिढ्यान् पिढ्या एकमेव पक्की नोकरी होती. विहिरीला पाणी लागले नाही तरी चालेल, पण पोरगा फौजेत लागला पाहिजे, अशी तेथल्या आईची प्रार्थना असे. त्या नोकरीला राज्यकर्त्यांनी चार वर्षांचे कंत्राट केले आणि त्याच वर्षी निशाणावर अष्टकोन काढला. त्याच पोराने मग तो अष्टकोन दुकानातून विकत घेऊन सदऱ्यावर लावायचा!

पुढचा अध्याय तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. त्याच महिन्यात ॲडमिरलांच्या खांद्यांवरील पट्ट्यांवरही राजमुद्रेचा अष्टकोन आला. आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही उलटले नसताना, तो पुतळा कोसळला. साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्रात बांधलेल्या सिंधुदुर्गाचा तट समोर उभा आणि आपल्या अमदानीतला पुतळा मातीत! पंतप्रधानांनी माफी मागितली. पण माफीने प्रश्न मिटत नाही. घाई कोणाची होती? समारंभाची. काम कशाचे होते? स्मरणाचे. ज्यांना स्मरण हवे असते ते पाया खणतात. ज्यांना समारंभ हवा असतो ते तारीख ठरवितात. दुकानातला बिल्ला आणि तो पुतळा यांच्यात फरक आहे तो आकाराचा.

पेटीत नसलेले निशाण

आता मुद्द्याला येतो. ही सारी पेटी चाळली तरी एक निशाण तीत सापडत नाही. भारताच्या आरमारी इतिहासातले ते एकच निशाण असे आहे, की जे राजाने दिले नाही, सरकारने मंजूर केले नाही, ॲडमिरलने फडकविले नाही. खलाशांनी स्वतःच्या हातांनी चढविले. ते एक नव्हते, तीन होती.

१८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाचे नौदलाचे संदेशवहनाचे शिक्षणकेंद्र होते. निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाशाच्या मानाने तुटपुंजा पगार आणि वर कमांडरच्या तोंडच्या शिव्या. फेब्रुवारीच्या आरंभी बलाईचंद दत्त या तरुण खलाशाला भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगविल्याबद्दल अटक झाली होती. त्या दिवशी सकाळी खलाशांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी संप बंदरातल्या जहाजांवर पसरला. इंग्रजी आरमाराचे निशाण, तोच तांबड्या क्रुसाचा पांढरा पट, खलाशांनी खाली उतरविला आणि त्याच डोलकाठीवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा झेंडा आणि लाल बावटा ही तीन निशाणे एकत्र चढविली. ज्या क्रुसाला शासकीय आदेशाने उतरावयास २०२२ साल उजाडावे लागले, तो या विशीतल्या पोरांनी १९४६ साली उतरविला होता!

संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. मागण्या पाहा. चांगले अन्न, गोऱ्यांच्या बरोबरीचा पगार, नोकरीतून मोकळे होणाऱ्यांची सोय; आणि त्यांच्याच जोडीला आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची व सर्व राजकीय कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत. दुसऱ्या एका गुलाम देशाच्या स्वातंत्र्ययुद्धावर आम्ही गोळी चालविणार नाही, असे भाकरी मागणाऱ्या खलाशाने म्हटले. पोटाचा प्रश्न आणि जगाचा प्रश्न यांची अशी सांगड पुढाऱ्यांनाही त्या काळी क्वचितच घालता आली. कराची, मद्रास, कलकत्ता अशा बंदरांत संप पोचला. अठ्ठ्याहत्तर जहाजे आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात उतरले.

सातारा-सांगलीचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध गिरणगावाचा आहे. मुंबईच्या गिरण्या कोकणातल्या रत्नागिरीच्या आणि घाटावरच्या साताऱ्याच्या माणसांनी चालविल्या. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. गावच्या गाळ्यात वळकटी टाकून राहणारा, खाणावळीत जेवणारा आणि सणाला गावी मनीऑर्डर धाडणारा तो घाटी कामगार. २१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्समध्ये गोळीबार सुरू झाला, तेव्हा शहरातली माणसे अन्नाची पुडकी घेऊन किनाऱ्यावर धावली. २२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाने पुकारलेल्या हरताळात गिरण्या बंद पडल्या. गोऱ्या शिपायांच्या लॉऱ्या परळ-डिलाईल रोडवरून गोळ्या झाडीत फिरल्या. परळला कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली, त्यांत फार मोठा वाटा कामगारवस्तीचा. ज्यांनी आयुष्यात कधी जहाजावर पाय ठेवला नव्हता, ज्यांच्या गावाला समुद्र नव्हता, ते गिरणीकामगार आरमारातल्या पोरांसाठी रस्त्यावर मेले. सातारा आणि समुद्र यांचे खरे नाते तेथे, रक्ताने जुळले आहे.

आणि हा कामगार निशाणासाठी मरणे मुंबईत शिकला असे नाही. तो ते गावाकडून घेऊन आला होता. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन मोर्चाच्या अग्रभागी चालत गेले आणि निशाण न सोडता गोळ्या झेलून पडले; वडूजला नऊ हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यातूनच नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तुफान सेना उभी राहिली, गावोगाव न्यायदान मंडळे बसली. ज्या मुलखात इंग्रज सरकारला बाजूला सारून लोकांनी आपले सरकार चालविले, त्या मुलखाला निशाणाचा अर्थ टाचणीच्या बिल्ल्यावरून शिकण्याची पाळी यावी काय?

आक्षेप आणि उत्तर

आपल्यातले काही जण म्हणतील, तो संप कम्युनिस्टांचा. आपण त्याचे गोडवे का गावेत? हे म्हणणे कोत्या मनाचे आहे. हरताळाची हाक कम्युनिस्टांनी दिली, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण काँग्रेस समाजवादी गटातल्या अरुणा असफअली खलाशांच्या पाठीशी उघडपणे उभ्या राहिल्या आणि त्यासाठी त्यांनी गांधीजींची नाराजी पत्करली. साताऱ्याच्या भूमिगत चळवळीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते अच्युतराव पटवर्धन याच गटातले. तेव्हा त्या संपाला परका म्हणणे म्हणजे आपल्याच घराण्याची वही फाडणे होय.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. फौजेत संप कसा चालेल? सरदार पटेल आणि जीना या दोघांनीही खलाशांना शरण जाण्याचा सल्ला दिला होता, याची आठवण करून दिली जाईल. दिला होता, हे खरे. २३ फेब्रुवारीला खलाशांनी काळी निशाणे चढवून शरणागती पत्करली, तीही कोणावर सूड उगविला जाणार नाही या आश्वासनावर. ते आश्वासन पाळले गेले नाही. शेकडोंना कैद झाली, शेकडो बडतर्फ झाले. आणि स्वतंत्र भारताच्या वा पाकिस्तानच्या आरमाराने त्यांना परत घेतले नाही. शिस्त परक्या राजाशी मोडली, शिक्षा स्वकीयांनी कायम केली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कलकत्त्यात कत्तल झाली. एका डोलकाठीवर बांधलेली ती तीन निशाणे पुढे कधी एकत्र दिसली नाहीत. नेत्यांनी फेब्रुवारीत त्या डोलकाठीकडे नीट पाहिले असते तर पुढचा इतिहास बदलला असता, असे छातीठोक सांगता येणार नाही. पण हिंदू, मुसलमान आणि शीख पोरांनी जे सहज करून दाखविले ते मोठ्यांना जमले नाही, एवढे निश्चित.

तिसरा आक्षेप सत्तेच्या बाजूचा येईल: आम्ही १९४६ विसरलेलो नाही. खरे आहे. कुलाब्याला त्या उठावाचे स्मारक आहे आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर तो उठाव दाखविला गेला. त्याबद्दल नौदलाचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु चित्ररथावरचा संप निरुपद्रवी असतो. जी भाकरी, जो पगार आणि नोकरीनंतरची जी सोय त्या पोरांनी मागितली, ती आजच्या चार वर्षांच्या खलाशाला आपण देणार आहोत काय, हा प्रश्न चित्ररथ विचारीत नाही. तो आपण विचारावयाचा आहे.

मग करावे काय? बिल्ल्याला तोडीस तोड म्हणून पक्षाने आपला बिल्ला काढावा, अशी सूचना कानावर आली. माझा तिला विरोध नाही. पण नुसता बिल्ला काढून आपणही दुकानदारच ठरू. माझ्या सूचना वेगळ्या आहेत. येत्या १८ ते २३ फेब्रुवारी या सप्ताहात वडूज, कुंडल, इस्लामपूर, तासगाव येथे सभा घ्याव्यात आणि त्यांत अग्निपथाचा प्रश्न माजी सैनिकांच्या तोंडून मांडावा. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या कोणत्या घरांतली माणसे १९४६ साली लालबाग-परळला होती याची विचारपूस करावी. म्हाताऱ्यांच्या आठवणी, जुने फोटो, मनीऑर्डरींच्या पावत्या जे मिळेल ते टिपून ठेवावे. ७ डिसेंबरला आपला प्रत्येक कार्यकर्ता ध्वजदिनाचा डबा घेऊन फिरावा. या तिन्ही कामांनंतर कोणाला एका डोलकाठीवरची तीन निशाणे छातीवर लावावीशी वाटली तर खुशाल लावावीत. तोवर त्यांचा अर्थ त्याला सांगता येऊ लागलेला असेल.

आणि त्या तालुक्याच्या बैठकीतल्या तरुण साथीला माझे सांगणे एवढेच. तुझी थट्टा झाली त्याबद्दल आम्ही मोठ्यांनी तुझी क्षमा मागितली पाहिजे. तो बिल्ला फेकू नकोस. पुढच्या बैठकीला तो पुन्हा लावून ये आणि आम्हांला विचार, की यावरचे गलबत कोणी चालविले, कोणी जाळले, त्यावरचा क्रूस पहिल्यांदा कोणी उतरविला, आणि त्यासाठी परळच्या रस्त्यावर आपल्या गावचे कोण पडले. आम्हांला उत्तर देता आले नाही, तर मान खाली घालावयाची ती तू नव्हे, आम्ही.